पहिलं संशोधन हाती घेताना: गणित, इलेक्ट्रॉनिक्स, वास्तुकला आणि वैद्यक

जून-जुलै उजाडला की कॉलेजांतून एकच प्रश्न फिरायला लागतो: टॉपिक ठरला का? एमएस्सीचा प्रकल्प असो, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष असो, बी.आर्क.चा प्रबंध किंवा एमडीची सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा), घाई सगळीकडे टॉपिकची. मग कुणीतरी सीनियरची फाईल काढतं, गावाचं नाव बदलतं आणि 'अमुक भागातील तमुकचा अभ्यास' असं शीर्षक तयार होतं. शीर्षकावर गाइडची सही होते. सहा महिन्यांनी गोळा केलेल्या माहितीचं करायचं काय, हे कुणालाच सांगता येत नाही, कारण प्रश्न विचारलेलाच नसतो.

चार शाखा इथे मुद्दाम एकत्र घेतल्या आहेत. एका शाखेत जो पुरावा ठरतो, तो दुसरीत जेमतेम सुरुवात मानला जातो. गणितात दहा कोटी उदाहरणं तपासली तरी विधान सिद्ध झालं असं कुणी म्हणणार नाही. वैद्यकात सिद्धता कुणी मागत नाही, पण तुलनेचा गट कुठे आहे हे पहिल्या मिनिटात विचारतात. इलेक्ट्रॉनिक्समध्ये 'सर्किट चाललं' हा निष्कर्ष नाही; किती अचूक चाललं, कोणत्या उपकरणानं मोजलं, चूक किती धरली, ते सांगावं लागतं. वास्तुकलेत जागेवर घेतलेली मापं, दफ्तरातला कागद आणि तिथे राहणाऱ्यांचं म्हणणं, हे तिन्ही एकमेकांशी जुळवावं लागतं. म्हणून कामाला लागण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर दोन ओळी लिहा: माझा प्रश्न काय, आणि उत्तर मिळालं हे कशावरून ठरणार. दुसरी ओळ लिहिता आली नाही, तर पहिली अजून कच्ची आहे.

१. शीर्षकाचा प्रश्न करा

देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांच्याकडे पदव्युत्तर पदवी नव्हती, विद्यापीठातली नोकरीही नव्हती. त्यांनी दाखवलेली गंमत अनेकांना तोंडपाठ असते. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, चढत्या क्रमानं मांडा, वजाबाकी करा. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७. मग ८७३० − ०३७८ = ८३५२. मग ८५३२ − २३५८ = ६१७४. ६१७४ वर तेच केलं तर पुन्हा ६१७४. कुठूनही सुरुवात करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोचता.

इथपर्यंत ही गंमत आहे. 'हे नेहमीच का होतं?' असं विचारलं की संशोधन सुरू झालं. ०००० पासून ९९९९ पर्यंत, सारख्या अंकांच्या दहा संख्या वगळून, ९९९० संख्या उरतात. संगणकावर त्या सगळ्या तपासल्या तर ती सिद्धताच झाली, कारण यादी मर्यादित आहे. पण थोडं थांबून बीजगणित करा. उतरत्या क्रमातले अंक क, ख, ग, घ मानले तर वजाबाकी येते ९९९ × (क − घ) + ९० × (ख − ग). म्हणजे उत्तर चार अंकांवर नाही, फक्त दोन फरकांवर अवलंबून आहे. पहिला फरक १ ते ९, दुसरा ० पासून पहिल्याइतका. अशा जोड्या एकूण ५४. नऊ हजार नऊशे नव्वद संख्यांचं काम चोपन्न ओळींवर आलं, आता ते हातानंही होतं. पहिल्या पद्धतीतून 'होतं' एवढं कळलं, दुसरीतून 'का होतं' याचा धागा हाताला लागला.

पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. तीन अंकांना ४९५ आहे. दोन अंकांना असा स्थिरांक नाही, तिथे ९, ८१, ६३, २७, ४५ असं चक्र फिरतं. पाच अंकांतही चक्रंच आहेत: ५३९५५ वरून ५९९९४, आणि तिथून परत ५३९५५. मग बारा पायाच्या संख्यापद्धतीत काय होईल? यातलं बरंच काम आधी झालेलं आहे, ते शोधावं लागेल. पण प्रश्न कसा वाढवायचा याचा हा स्वच्छ नमुना आहे. नेमका, लहान, आणि उत्तर मिळालं की मिळाल्याचं कळणारा.

इतर शाखांतही हीच चाळणी लावा. 'ईसीजी यंत्रणेची रचना' हे शीर्षक झालं. 'स्वस्त मॉड्यूल वापरून ५० हर्ट्झचा विजेचा गोंगाट किती खाली आणता येतो, आणि त्यात हृदयाच्या ठोक्यांची वेळ किती मिलिसेकंदांनी चुकते?' हा प्रश्न झाला. 'पुण्यातील वाडे' शीर्षक. 'एप्रिलच्या दुपारी चौकाला लागून असलेलं माजघर रस्त्यापेक्षा किती थंड असतं, आणि चौकावर पत्रा टाकलेल्या वाड्यात तो फरक उरतो का?' हा प्रश्न. वैद्यकात चार खणांची सवय चांगली: कोणते रुग्ण, कोणता उपाय, कशाशी तुलना, कोणता परिणाम. चारही खण भरले नाहीत तर सिनॉप्सिस लिहायला बसू नका. निरीक्षणात्मक अभ्यास असेल तर उपायाच्या जागी जोखमीचा घटक येतो, खण तेवढेच.

२. आधी कोण तिथे जाऊन आलंय?

सीटी स्कॅनची गोष्ट या पायरीसाठी सांगण्यासारखी आहे. वस्तूच्या आरपार गेलेल्या रेषांवरच्या बेरजा माहीत असतील तर आतलं चित्र परत उभं करता येतं, हे योहान राडॉन या ऑस्ट्रियन गणितज्ञानं १९१७ मध्येच लिहून ठेवलं होतं. १९५६ च्या सुमारास केपटाऊनच्या रुग्णालयात किरणोत्सर्गी समस्थानिकांच्या वापरावर देखरेख करताना ॲलन कॉर्मॅक या भौतिकशास्त्रज्ञाला हाच प्रश्न पडला. राडॉनचं काम त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं गणित स्वतः सोडवलं, १९६३ आणि १९६४ मध्ये छापलं, आणि त्याकडे जवळजवळ कुणी पाहिलं नाही. तिकडे इंग्लंडमध्ये ईएमआय कंपनीतला अभियंता गॉडफ्रे हाउन्सफील्ड आपल्या वाटेनं यंत्र बांधत होता. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा मेंदू स्कॅन झाला. चित्र ८० × ८० ठिपक्यांचं होतं. १९७९ चं वैद्यकाचं नोबेल कॉर्मॅक आणि हाउन्सफील्ड या दोघांना मिळालं, आणि दोघांपैकी एकही डॉक्टर नव्हता.

यातून घ्यायचं ते असं की तुमच्या प्रश्नाचं उत्तर शेजारच्या शाखेत, वेगळ्या नावाखाली पडलेलं असू शकतं. शोधताना एकाच शब्दावर अडून बसू नका. वाड्याच्या गारव्याबद्दल शोधताना 'वाडा' टाकाल तर मूठभर लेख मिळतील. अंगण असलेली घरं, उष्ण हवामानातला औष्णिक आराम, पारंपरिक घरांचं वायुवीजन, असे शब्द टाकलेत तर इराण, स्पेन, राजस्थान, केरळ सगळं समोर येईल. आणि पद्धतही तयार मिळेल.

कुठे शोधायचं ते शाखेप्रमाणे बदलतं. गणितात अर्काइव्ह हा १९९१ पासून चालणारा मोफत साठा, आणि २०२१ पासून सगळ्यांना खुली झालेली गणिती लेखांची सूची झेडबीमॅथ; त्यात प्रत्येक लेखाला विषयाचा वर्गीकरण क्रमांक असतो, तो धरून शोधलं की शब्दांचा गोंधळ टळतो. इलेक्ट्रॉनिक्ससाठी आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संघटनेचा लेखसाठा एक्सप्लोर, आणि त्याइतकेच महत्त्वाचे म्हणजे चिप बनवणाऱ्या कंपन्यांचे डेटाशीट व ॲप्लिकेशन नोट. विद्यार्थी या नोट वाचत नाहीत आणि महिना घालवून तेच शोधतात. वैद्यकात पबमेड, तेही त्याच्या ठरीव विषयशब्दांच्या यादीतून. साध्या शब्दांनी शोधलं तर बरेच लेख निसटू शकतात. आधीच्या अभ्यासांचा एकत्र आढावा हवा असेल तर कॉक्रेन.

वास्तुकलेचं निराळं आहे. तिथे अर्धं साहित्य नियतकालिकांत नसतंच. मुंबई इलाख्याची गॅझेटिअर, पुण्याचं पेशवे दफ्तर, सिटी सर्व्हेचा नकाशा, मिळकत पत्रिका, महापालिकेत मंजूर झालेले जुने आराखडे, घरमालकाच्या ट्रंकेतली खरेदीखतं: खरा माल तिथे. दफ्तरात बसायचं तर मोडी यायला हवी किंवा मोडी वाचणारा सोबत हवा. मोडीचा साधा वर्ग करायला काही महिने पुरतात, पण तो प्रबंधाच्या आधीच्या वर्षी करावा.

प्रबंधांसाठी शोधगंगा आहेच. पैसे मागणाऱ्या लेखांपुढे हात टेकू नका. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी उच्चशिक्षण संस्थांना खुली झाली आहेत. तुमची संस्था त्यात आहे का, हे ग्रंथपालांना विचारा. नसेल तर लेखकाला दोन ओळींची ईमेल लिहा. बहुतेक जण आनंदानं प्रत पाठवतात.

एक चांगला लेख सापडला की दोन दिशांनी चाला: त्यानं कुणाचे दाखले दिलेत ते मागे, आणि त्याचा दाखला पुढे कुणी दिला ते गूगल स्कॉलरवर. वाचताना साधा तक्ता ठेवा. लेख, प्रश्न, पद्धत, नमुना किंवा उपकरण, निष्कर्ष, आणि शेवटचा रकाना 'मला न पटलेलं'. हा शेवटचा रकानाच पुढे तुमच्या प्रस्तावनेचा कणा होतो. दाखले झोटेरोसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या दिवसापासून साठवा. चॅटबॉटनं दिलेला संदर्भ मात्र डोळे झाकून घेऊ नका. खरे वाटणारे लेखक, खरं वाटणारं नियतकालिक, आणि असा लेखच अस्तित्वात नाही, असं सर्रास होतं. डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) उघडून लेख स्वतः पाहिल्याशिवाय यादीत घालायचा नाही.

३. परवानग्या, आणि त्याही वेळेत

गणितवाल्यांनी ही पायरी सोडून दिली तरी चालेल.

वैद्यकात माणसाचा संबंध आला की संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी, माहिती गोळा करणं नंतर. जुन्या केसपेपरांतली माहिती वापरायची असली तरी समितीकडे जावंच लागतं. फार तर संमतीपत्रातून सूट मिळते, आणि ती सूट समितीनं द्यायची असते, आपण घ्यायची नसते. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं उतरवून घ्या. क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआय या ट्रायलच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी झाली पाहिजे. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी करता येत नाही, त्यामुळे 'नंतर बघू' म्हटलं की छापण्याची वाट जवळजवळ बंद.

संमतीपत्र हा बहुतेकांनी कसाबसा उरकलेला कागद असतो. इंग्रजी नमुना मशीननं मराठीत आणून ठेवलेला असतो: 'सहभागी व्यक्तीस अभ्यासातून माघारीचा अधिकार अबाधित राहील.' ओपीडीच्या बाकावर बसलेल्या बाईला यातून काय समजणार? त्याऐवजी असं लिहा: 'तुम्हाला नको वाटलं तर कधीही नाही म्हणा. कारण सांगायची गरज नाही. तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही.' मग ते वॉर्डमधल्या मावशींना वाचून दाखवा आणि काय समजलं ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लावा. त्या जिथे अडखळतील ते वाक्य बदला.

इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी इथे हमखास घसरतात. वर्गमित्राच्या छातीला इलेक्ट्रोड लावून ईसीजी घेतला की तोही माणसावरचा अभ्यास. समितीकडे जायलाच हवं. शिवाय जिवाचा प्रश्न आहे. माणसाला जोडलेलं सर्किट बॅटरीवर चालवा, आणि ते चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपला यूएसबीनं जोडू नका. लॅपटॉप बॅटरीवर ठेवा किंवा माहिती ब्लूटूथनं पाठवा. भिंतीतल्या प्लगपासून छातीपर्यंत तारेचा सलग रस्ता कधीच असता कामा नये.

वाड्याच्या कामात कायद्याच्या परवानगीपेक्षा घरच्यांची परवानगी अवघड. दहा-बारा हिस्सेदार, त्यातले तीन कोर्टात, एक अमेरिकेत. मोजपट्टी घेऊन आलेला माणूस बिल्डरचाच, अशी सगळ्यांची खात्री असते. कॉलेजचं पत्र न्या, भाडेकरूंनाही भेटा, आणि नकाशा कुठे छापणार हे आधीच सांगा. संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते, आणि ती यायला वेळ लागतो.

४. प्रत्यक्ष काम

इलेक्ट्रॉनिक्समध्ये पहिल्यांदा कागदावर हिशेब करा. छातीवर मिळणारा ईसीजीचा संकेत साधारण १ मिलिव्होल्टचा. आर्डुइनो उनो बोर्ड व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करतो ते १० बिटचं, म्हणजे १०२४ पायऱ्यांचं, ५ व्होल्टवर. म्हणजे ५ भागिले १०२४, एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची. तुमचा अख्खा संकेत एका पायरीइतकाही भरत नाही. मग हजार पट वाढवू? एका दमात नाही वाढवता येत. त्वचा आणि इलेक्ट्रोड यांच्यामध्ये संकेताच्या कैक पटींनी मोठा, जवळजवळ स्थिर असा विभवांतर असतो. तो धरायचा म्हणजे शेकडो मिलिव्होल्टपर्यंत. त्यालाही हजारानं गुणलंत तर ॲम्प्लिफायर थेट कमाल मर्यादेला जाऊन चिकटतो आणि पडद्यावर सपाट रेषा दिसते. म्हणून पहिल्या टप्प्यात थोडीच वाढ, मग स्थिर भाग काढणारा फिल्टर, मग उरलेली वाढ. हा हिशेब एका पानात मावतो आणि कितीतरी आठवडे वाचवतो.

सिम्युलेशन कराच, पण एलटीस्पाइस या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमधले रोधक अगदी काटेकोर असतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेले एक किंवा पाच टक्के इकडेतिकडे. दोन्ही बाजूंना समान येणारा गोंगाट कापण्याची ताकद रोधक किती जुळलेले आहेत यावर ठरते, म्हणून सिम्युलेशनमध्येच त्या टक्क्यांचा फरक घालून पाहा. मोजताना एकच आकडा घेऊ नका. तेच माप अनेकदा घ्या, सरासरी आणि विखुरणं दोन्ही लिहा, ऑसिलोस्कोपचं मॉडेल आणि कॅलिब्रेशनची तारीख लिहा. चूक किती असू शकते ते न सांगता छापलेला आकडा परीक्षक वाचतात, पण धरत नाहीत.

वास्तुकलेतलं मापन हे अंगमेहनतीचं काम. लेझर मीटर असला तरी ३० मीटरची टेप, ओळंबा आणि पाण्याची लेव्हल नळी न्या. आधी हातानं कच्चा आराखडा काढा, मग मापं. टेपचं शून्य एका कोपऱ्यात धरून ठेवा आणि दार, कोनाडा, खांब, प्रत्येकाचं माप त्याच शून्यापासून वाचत जा. तुकड्यातुकड्यानं मोजून बेरीज केलीत तर प्रत्येक तुकड्याची चूक साठत जाते आणि शेवटी भिंत हातभर सरकते. कर्ण दोन्ही मोजा. खोली ४.२० × ३.६० मीटर असेल आणि कोपरे गुण्यात, म्हणजे काटकोनात, असतील, तर दोन्ही कर्ण ५.५३ यायला हवेत. एक ५.४८ आणि दुसरा ५.५८ आला म्हणजे खोली तिरकी आहे, टेप चुकलेली नाही. जुन्या वाड्यांत ही तिरकस खोलीच बोलकी असते. बहुधा तिथे नंतरची भिंत आहे, किंवा हिस्से पडलेत. कॅडमध्ये सगळं काटकोनात बसवून टाकणाऱ्यांनी हा पुरावा आपल्या हातानं पुसलेला असतो.

तापमान मोजायचं असेल तर तीन नोंदक यंत्रं घ्या: रस्ता, चौक, माजघर. पण आधी दिवसभर तिन्ही एकाच ठिकाणी शेजारीशेजारी ठेवा. त्यांच्यातच अर्ध्या अंशाचा फरक निघाला, तर पुढे माजघर ०.४ अंशांनी थंड आलं याला काही अर्थ उरत नाही. यंत्रावर ऊन पडता कामा नये, बसलेल्या माणसाच्या डोक्याइतकी, म्हणजे १.१ मीटर उंची ठेवा, पंधरा मिनिटांना एक नोंद पुरे. आणि रोज विचारा: आज कूलर लावला होता का, चौकात पाणी मारलं का? यंत्राला हे कळत नाही.

वैद्यकात गाडी नमुन्याच्या संख्येवर अडते. विद्यार्थ्यांच्या सिनॉप्सिसमध्ये ३८४ हा आकडा इतक्यांदा दिसतो की तो सरकारी आहे असं वाटावं. तो येतो कुठून? प्रमाण ५० टक्के धरलं, चूक ५ टक्के चालेल म्हटलं, ९५ टक्के विश्वास हवा: १.९६ चा वर्ग × ०.५ × ०.५ ÷ ०.०५ चा वर्ग = ३८४.१६, म्हणजे खरं तर ३८५. चूक १० टक्के चालणार असेल तर ९७ पुरतात. पण हे सूत्र फक्त एखाद्या गोष्टीचं प्रमाण काढण्यासाठी आहे. दोन औषधांची तुलना करायची असेल तर हिशेबच वेगळा, आणि तो संख्याशास्त्रज्ञाकडे बसून आधी करायचा. माहिती गोळा झाल्यावर 'सर, जरा पी व्हॅल्यू काढून द्या' म्हणत जाणाऱ्याला कुणीही वाचवू शकत नाही.

संख्येहून महत्त्वाचं म्हणजे माणसं कुठून घेतली. दवाखान्यात येतात तेवढेच आजारी, असं धरलं तर चित्र वाकडं दिसतं. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीत दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची, त्यांच्या तक्रारी असोत वा नसोत, तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. दवाखान्याच्या रजिस्टरमधून हा आकडा कधीच निघाला नसता. पुढे घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग झाला, तेव्हा ३९ गावांत सेवा दिली आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. १९९९ च्या लेखात नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट नोंदली आहे. ती ४७ गावं नसती तर 'मृत्यू तसेही कमी होतच होते' या आक्षेपाला उत्तर नव्हतं. आपल्या छोट्या प्रबंधातही हा प्रश्न स्वतःला विचारा: माझी ती ४७ गावं कोणती?

गणितात प्रत्यक्ष काम म्हणजे लहान उदाहरणं हातानं सोडवणं, विधान खोटं पाडायचा मनापासून प्रयत्न करणं, आणि मग लिहिलेली सिद्धता दुसऱ्या कुणाला फळ्यावर समजावणं. 'हे उघडच आहे' असं जिथे लिहिलंत तिथे लाल खूण करा. भोक बहुधा तिथेच असतं.

५. नोंदी

मूळ माहिती एकदा साठवली की तिला हात लावायचा नाही, दुरुस्त्या प्रतीवर. एक्सेलमध्ये वय २५ च्या जागी २५२ पडलं तर मूळ केसपेपर पाहून बदला, आणि बदल कुठे केला ते वेगळ्या पानावर लिहा. रुग्णांची नावं एका कुलूपबंद यादीत, विश्लेषणाच्या फाईलमध्ये फक्त क्रमांक. फाईलला तारीख द्या. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल सर करेक्शन' ही नावं पाहून तीन महिन्यांनी तुम्हालाच घाम फुटेल.

६. लिहिणं

प्रस्तावनेपासून सुरुवात करू नका. आधी तक्ते, आकृत्या, नकाशे तयार करा. मग पद्धत लिहा, ती केलेली असते म्हणून लवकर होते. मग निष्कर्ष, मग चर्चा, आणि प्रस्तावना व सारांश शेवटी. वैद्यकात अभ्यासाच्या प्रकाराप्रमाणे तपासयाद्या असतात: ट्रायलला कन्सॉर्ट, निरीक्षणात्मक अभ्यासाला स्ट्रोब, आढाव्याला प्रिझ्मा. लिहून झाल्यावर भरायच्या नसतात, लिहिताना समोर ठेवायच्या असतात.

लेखकांची नावं हा नाजूक मामला. गणितात ती बहुधा आडनावाच्या वर्णक्रमानं येतात. वैद्यकात पहिलं नाव काम करणाऱ्याचं आणि शेवटचं मार्गदर्शकाचं, अशी रीत. ज्यानं काम केलं नाही, लेख वाचलाही नाही, त्याचं नाव विभागप्रमुख म्हणून घालणं हा गैरप्रकारच आहे, कितीही रुळलेला असला तरी. क्रम काय असेल ते सुरुवातीलाच बोलून ईमेलवर घ्या. शेवटी बोलायला गेलात तर कटकट होते.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे इतरांच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, त्यापुढे पायऱ्यापायऱ्यानं कारवाई. म्हणून शब्द उलटसुलट करून टक्का खाली आणायचा उद्योग सर्वत्र चालतो. सॉफ्टवेअर फसतं, पण वाचणाऱ्याला दुसऱ्या परिच्छेदात कळतं.

७. कुठे पाठवायचं

'आदरणीय प्राध्यापक महोदय, आपलं अमूल्य संशोधन' अशी ईमेल आली की खुशाल पुसून टाका. चार दिवसांत समीक्षा करून छापू म्हणणारं नियतकालिक कुठलीच समीक्षा करत नाही. यूजीसीनं मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केल्यापासून पारख आपल्यालाच करावी लागते. तुम्ही स्वतः वापरलेले लेख कुठे छापले होते ते पाहा. तीच तुमची यादी. खुल्या नियतकालिकांसाठी डीओएजे या निर्देशिकेत नाव आहे का बघा. संकेतस्थळ खरंच त्या नियतकालिकाचं आहे ना हेही तपासा, कारण जुन्या प्रतिष्ठित नावांच्या हुबेहूब नकला फिरतात. पैसे भरण्याआधी दोनदा विचार करा. पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी लेख छापलेला असण्याची यूजीसीची सक्ती २०२२ च्या नियमांत निघाली आहे. विद्यापीठाची स्वतःची अट असेल तर ती वाचा, पण केवळ घाईपोटी कचऱ्यात लेख टाकू नका.

वेळेचा अंदाज शाखेप्रमाणे ठेवा. गणिताचा लेख समीक्षकाकडे वर्षभर पडून राहणं नेहमीचं, म्हणून तो आधी अर्काइव्हवर टाकतात; पहिल्यांदा टाकणाऱ्याला तिथल्या आधीच्या लेखकाची शिफारस लागू शकते. इलेक्ट्रॉनिक्समध्ये परिषदेत वाचलेला निबंध मानाचा असतो, वैद्यकात तेवढा नाही.

समीक्षकांचा अभिप्राय पहिल्यांदा वाचाल त्या दिवशी उत्तर देऊ नका. दुसऱ्या दिवशी दोन रकाने आखा: डावीकडे त्यांचं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं, उजवीकडे तुम्ही काय बदललं आणि कोणत्या पानावर. समीक्षकाचा गैरसमज झाला असेल तर त्याला शिकवू नका. ज्या वाक्यामुळे गैरसमज झाला ते बदला आणि तसं कळवा. मुदत पुरणार नसेल तर संपण्याआधी संपादकांना ईमेल करा, वाढवून देतात. छपाईआधीची प्रत येते तेव्हा दोन-तीन दिवसच हातात असतात. त्यात आधी लेखकांच्या नावांचं स्पेलिंग बघा, मग तक्त्यातली एककं, मग आकृत्यांचे क्रमांक. नकाशावरचं उत्तर दिशेचं चिन्ह आणि मापपट्टी जुळवणीत हमखास गळून पडते, तीही बघा.